महापालिकेच्या शाळेत नाव घालायचंय? कागद कमी आहेत म्हणून परत फिरू नका

दरवर्षी जून जवळ आला की व्हॉट्सॲपवर तेच ते सुरू होतं. आधार नसेल तर शाळेत घेत नाहीत म्हणे, पाचवीत नापास झालं की काढून टाकतात म्हणे, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेतलं पंचवीस टक्केवालं ॲडमिशन आता बंद झालंय म्हणे. यातलं काही अर्धं खरं, काही कधीतरी महिना दोन महिने खरं होतं आणि आता नाही, आणि काही साफ थाप. पण होतं काय, की आई सकाळी कामाची सुट्टी टाकून पोराला घेऊन शाळेत जाते, खिडकीवर कोणीतरी म्हणतं "हा कागद आणा मग या", आणि तो कागद काढायला आणखी दोन खाडे पडतात म्हणून ती परत येतच नाही. पोरगं मग वर्षभर घरी. म्हणून हे सगळं एकदा नीट सांगतो. मुंबई महापालिकेच्या शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण कायद्याचा भाग ठाणे, पुणे, नागपूर कुठेही तोच.

मुळात कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा, ज्याला सगळे आरटीई म्हणतात, तो २००९ चा आणि १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवी फुकट शिकवणं ही सरकारची आणि महापालिकेची जबाबदारी, एवढं त्याचं सार. बरेच लोक आरटीई म्हणजे फक्त खासगी शाळेतली पंचवीस टक्क्यांची लॉटरी समजतात, तो त्यातला एक छोटा तुकडा आहे, त्याच्यावर पुढे बोलू.

महापालिकेच्या शाळेत पहिलीला उत्पन्नाची अट नाही, जातीची नाही, तुम्ही मुंबईत किती वर्षं राहताय याचीही नाही. काल गोरखपूरहून किंवा गुलबर्ग्याहून आलेल्या बिगारी कामगाराचं पोरगंसुद्धा आज शाळेत बसू शकतं. मुंबईत तर आठ माध्यमं आहेत, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड, देशात असं फार ठिकाणी नाही. पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, बस.

आणि वेळेचं म्हणाल तर जूनच पाहिजे असं काही नाही. गावाहून नोव्हेंबरात आलात तरी कायदा सांगतो की वर्ष सुरू झालंय म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. दहा वर्षांचं मूल कधी शाळेतच गेलं नसेल तर त्याला पहिलीच्या चिमुरड्यांमध्ये बसवत नाहीत, वयाप्रमाणे वर्गात घेतात आणि मागचं भरून काढायला वेगळं प्रशिक्षण देतात, ते तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकतं. कागदावर हे छान आहे, प्रत्यक्षात ते किती नीट होतं हे त्या शाळेतल्या बाईंवर असतं, हेही खरं.

"जन्मदाखला नाही, आधार नाही, तरी घेतील?"

घ्यावंच लागतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही असं कायद्यात स्पष्ट आहे. जन्मदाखला नसेल तर हॉस्पिटलचा किंवा नर्सबाईंकडचा रेकॉर्ड चालतो, अंगणवाडीतली नोंद चालते, आणि त्यातलं काहीच नसेल तर आईबापांनी जन्मतारीख लिहून दिली तरी चालते.

आधारचंही तसंच. २६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आधारच्या केसमध्ये जो मोठा निकाल दिला त्यात हे आलंय, की ६ ते १४ वयाच्या मुलाचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे त्यामुळे शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं करता येणार नाही.

इथे एक सावधगिरी मात्र, आणि ही धाकट्या भावंडांसाठी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा २०२३ मध्ये बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच, शाळाप्रवेशालासुद्धा. ही पोरं आता बालवाडीच्या दारात येतायत. तेव्हा घरात असं छोटं कोणी असेल आणि नोंद राहिली असेल तर आजच कामाला लागा, कारण जन्माला वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि ती पायपीट वेगळीच.

मग शाळावाले आधारसाठी एवढे मागे का लागतात?

याचं उत्तर कोणी सांगत नाही आणि मग सगळ्यांना वाटतं की हेडमास्तर मुद्दाम छळतायत. झालंय असं की शाळेला किती शिक्षक मिळणार हे मुलांच्या संख्येवर ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात. कायद्याने पहिली ते पाचवी ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवी ३५ मागे एक. आता मधल्या काळात शाळा पटावर खोटी मुलं दाखवतात असे प्रकार उघड झाले, म्हणून राज्य सरकारने ठरवलं की ज्यांचं आधार तपासून बरोबर निघालंय तीच मुलं मोजायची. म्हणजे वर्गात ६४ पोरं बसलीत पण सात जणांचं आधार जुळत नाही, नावाचं स्पेलिंग वेगळं, जन्मतारखेत घोळ, तर हिशेबात ती सात पोरं नाहीतच, आणि तेवढ्यात एक शिक्षक कमी होऊ शकतो. हेडमास्तरांच्या घशाला कोरड पडणारच.

म्हणून माझं मत असं की यावर भांडू नका. प्रवेश आज घ्या, तो हक्क आहे, आणि आधारचं काम त्यांच्याकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेऊन करून टाका, कारण शिक्षक गेला तर नुकसान आपल्याच पोराचं. "आधी आधार, मग प्रवेश" असं कोणी म्हटलं तर मात्र ऐकून घ्यायचं नाही.

"जुन्या शाळेने दाखला अडवलाय, फी थकली म्हणून"

हे कोरोनानंतर फार झालं. खासगी शाळेत होतं पोरगं, बापाची नोकरी गेली, फी थकली, महापालिकेच्या शाळेत घालायचं ठरवलं तर जुनी शाळा म्हणते पैसे भरा तेव्हा एलसी देऊ. एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला.

आठवीपर्यंत महापालिकेची शाळा एलसीसाठी प्रवेश अडवू शकत नाही. उशिरा दाखला देणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते असंही कायद्यात आहे. थकलेली फी हा जुनी शाळा आणि पालक यांच्यातला प्रश्न, त्यासाठी मूल ओलीस धरायचं नाही.

पण एक कॉम्प्युटरची भानगड समजून घ्या. देशातल्या प्रत्येक शाळेची आणि प्रत्येक मुलाची नोंद युडायस नावाच्या सरकारी पोर्टलवर असते, मुलाला तिथे एक कायमचा नंबर मिळतो, त्याला पेन म्हणतात. जुनी शाळा तिथून मुलाचं नाव सोडत नाही तोवर नवीन शाळेला ते आपल्याकडे ओढता येत नाही. म्हणून वर्गात पोरगं बसलेलं असतं पण पोर्टलवर ते अजून जुन्याच शाळेत. प्रवेश झाल्यावर निवांत बसू नका, आठवड्याभराने विचारा की "ऑनलाइन नाव आलं का?", आणि नसेल आलं तर नव्या शाळेला सांगा की शिक्षण विभागामार्फत जुन्या शाळेला कळवा. जुन्या रिपोर्ट कार्डवर पेन नंबर छापलेला असेल तर काम बरंच सोपं होतं.

सध्या अपार नावाचं आणखी एक बारा आकडी ओळखपत्र शाळा मागतायत, त्यासाठी पालकांची संमती लागते. संमतीचा फॉर्म म्हणजे संमतीच, तो वाचून सही करा, नाही करायची तर तसं लिहून द्या. त्यावरून प्रवेश अडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम: रजिस्टर डोळ्याने बघा

कागद नाहीत म्हणून लोक घाबरतात, आणि जिथे खरंच घाबरायला पाहिजे तिथे मात्र सही करून निघून येतात. प्रवेश झाला की शाळेत एक मोठं जाडजूड रजिस्टर असतं, जनरल रजिस्टर, त्यात मुलाची एक ओळ लिहिली जाते. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा. ही एक ओळ पुढे आयुष्यभर मागे लागते. एलसीवर तीच उतरते, दहावीच्या सर्टिफिकेटवर तीच जाते, आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरून पासपोर्टपर्यंत सगळं होतं.

त्या ओळीत मूल शाळेत असेपर्यंत पुराव्यासकट अर्ज करून दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे ऑफिसांच्या चकरा, कधी गॅझेट, कधी कोर्ट. आणि चुका कशा होतात ते बघा. बाई घाईत विचारतात "जात?", पालक संकोचाने म्हणतो "लिहा हिंदू". संपलं. जातीच्या रकान्यात हिंदू. पंधरा वर्षांनी पोरीला इंजिनिअरिंगला जात पडताळणी लागते तेव्हा समिती वाडवडिलांच्या जुन्या नोंदी मागते, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा राहिवास, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, आणि घरात सगळ्यात जुना कागद बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेचाच सापडतो. आजोबांच्या नोंदीत एक, बापाच्या नोंदीत दुसरं आणि पोरीच्या नोंदीत हिंदू, असं झालं की मग वकील.

तर सरळ सांगायचं, बाई लिहीत असताना टेबलाजवळ उभं राहून वाचा. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला बरोबर न्या. गावाकडचं जन्मस्थळ असेल तर गाव, तालुका, जिल्हा तिन्ही सांगा. इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर लिहून न्या आणि तेच आधारवर आहे का बघा, कारण "वाय" की "आय", एक "ए" की दोन "ए" यावरूनच पोर्टलवर आधार जुळत नाही आणि मग वर सांगितलेला शिक्षकांचा घोळ होतो.

"तिथे नापासच करत नाहीत, मग शिकणार काय?"

ही जुनी माहिती आहे. पूर्वी आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवत नव्हते. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलून राज्यांना मुभा दिली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. त्यात कमी पडलं तर शिकवणी देऊन दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची, त्यातही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात राहतं. बाकीच्या वर्गांना हे लागू नाही.

पण वर्गात मागे ठेवणं आणि शाळेतून काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येत नाही, खासगी शाळेलाही नाही. मारायचंही नाही, अपमान करायचा नाही, तेही त्याच कायद्यात. तेव्हा पाचवीत पोरगं अडकलं तर निकालाच्या दिवशीच विचारा की फेरपरीक्षा कधी आणि मधल्या काळात कोण शिकवणार आहे. मे महिन्यात सगळे गावाला जातात आणि फेरपरीक्षा तशीच निघून जाते, हे होऊ देऊ नका.

शिकवण्याच्या दर्जाबद्दल मी उगाच गोडवे गाणार नाही. काही शाळा खरंच सुंदर चालल्यात, काहींत एका बाईंकडे दोन वर्ग. शाळा निवडताना रंग आणि नाव बघण्यापेक्षा दुसरीतल्या दोन पोरांना वाचायला सांगा, तेवढ्यात कळतं.

पंचवीस टक्क्यांचं काय झालं शेवटी?

विनाअनुदानित खासगी शाळेत सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी, ऑनलाइन अर्ज आणि लॉटरी. एससी, एसटी, भटके-विमुक्त, ओबीसी यांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना वर्षाला १ लाखाच्या आत. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट. मुंबई हायकोर्टाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला रद्द केली. म्हणजे ती सूट मेली, पण मेसेज अजून फिरतोय. तसंच पहिलीपासून हिंदी शिकवण्याचं, एप्रिल २०२५ ला जीआर आला, जूनमध्ये बदलला, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा झाली. फॉरवर्ड आला की आधी त्यावरची तारीख बघा.

सीबीएसईवाली महापालिका शाळा

२०२० पासून मुंबई महापालिकेने जोगेश्वरीच्या पूनम नगरला सीबीएसई आणि माटुंग्याच्या वूलन मिलला आयसीएसई सुरू केली, नंतर सीबीएसईच्या आणखी निघाल्या. तिथे जागेपेक्षा अर्ज जास्त येतात म्हणून सोडत काढतात, नंबर लागेलच असं नाही. मुंबई पब्लिक स्कूल अशी पाटी दिसली म्हणजे सीबीएसईच असं समजू नका, बऱ्याच ठिकाणी राज्याचंच बोर्ड आहे, विचारून घ्या. वह्या, दप्तर, गणवेश, बूट, पावसाळी सामान अशा २७ वस्तू महापालिका फुकट देते आणि आठवीपर्यंत दुपारचं जेवण असतं.

शाळेत तुमचं मत कुठे चालतं

प्रत्येक सरकारी, महापालिका आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. हाऊसिंग सोसायटीची जशी कमिटी, तसंच हे, आणि सोसायटीसारखंच इथेही मीटिंगला कोणी जात नाही आणि मग जे चारजण जातात ते ठरवतात. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांतूनच. निवड पालकसभेत होते, दोन वर्षांसाठी. खूप ठिकाणी ही सभा कधी झाली ते कळतच नाही आणि कोणाच्या तरी नावावर सही घेऊन टाकलेली असते.

कमिटीला खरे अधिकार आहेत. शाळेचा विकास आराखडा तिने करायचा, आणि शाळेला आलेला पैसा कुठे गेला ते बघायचं. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान असतं, २५० ते १००० मुलांच्या शाळेला ७५ हजारांपर्यंत, आणि त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. मुलींच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही, तर मीटिंगमध्ये विचारायचा प्रश्न हाच, की या वर्षीचे किती आले आणि स्वच्छतेचे कुठे लागले. मग ते इतिवृत्तात लिहायला लावा. तोंडी बोललेलं हवेत जातं.

मुलींच्या सुरक्षेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, हा १० मार्च २०२२ चा शासन निर्णय आहे. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सगळ्यांना तो आठवला. काही गंभीर असेल तर समितीची वाट बघू नका, मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनला फोन करा, पोलिसात जा.

"आम्ही बोललो तर पोराला त्रास देतील"

ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने जाऊ नका, चार पालक मिळून एक अर्ज द्या. पहिला अर्ज मुख्याध्यापकांना, मग विभाग निरीक्षकांना ज्यांना बीट ऑफिसर म्हणतात, मग वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांना. प्रत्येक वेळी अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या, याला पोच म्हणतात. पोच द्यायला नाही म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. आरटीईखाली लेखी तक्रार आली की स्थानिक प्राधिकरणाने म्हणजे इथे महापालिकेने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. प्रवेश नाकारल्याची तक्रार असेल तर "कोणत्या कारणासाठी नाकारला ते लेखी द्या" एवढंच मागा. बहुतेक वेळा लेखी द्यायची वेळ आली की प्रवेश मिळतो.

आठवीनंतर कायदा हात सोडतो

हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. आरटीईचं छत्र आठवीपर्यंत, आणि महापालिकेच्या अनेक शाळाही सातवी-आठवीलाच संपतात, माध्यमिक शाळा त्या मानाने कमी. नववीत फी लागू शकते, शाळा लांब पडते, आणि नेमकी मुलींची शाळा इथेच सुटते. सातवीच्या दिवाळीतच विचारून ठेवा की इथून मुलं पुढे कुठल्या शाळेत जातात.

पैशाची अडचण असेल तर एनएमएमएस नावाची केंद्राची शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा, पास झालं आणि यादीत नाव आलं तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये. सरकारी, महापालिका किंवा अनुदानित शाळेतलंच मूल बसू शकतं, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के, एससी-एसटीला ५०. फॉर्म शाळेनेच भरायचा असतो, तुम्ही घरून भरू शकत नाही, आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कचेरीतून यायला वेळ लागतो. गणपती झाले की दाखल्याचा अर्ज टाका आणि शाळेत सरांना आठवण करा, कारण शेवटच्या दिवशी साइट चालत नाही.